चिंचेत घासलेले स्टार्टर

शालनताई माने कोणाच्याही घरी गेल्या की आधी फ्रिज ऐकत. यजमानीण "या, बसा" म्हणत असायची आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात मान तिरकी करून उभ्या. मग निकाल यायचा. "दाराचं रबर गेलंय. मोटर ठणठणीत हाय. नवीन घ्यायच्या नादाला लागू नका." नॉटिंगहॅममधल्या आम्हा मराठी मंडळींना याची सवय झाली होती. गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवतानासुद्धा त्यांचं निम्मं लक्ष हॉलच्या खडखडणाऱ्या हीटरकडे असायचं. प्रसाद वाटून होईपर्यंत त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर आलेला असे. तो पर्समध्येच असायचा.

त्यांचे यजमान डॉक्टर माने इथल्या मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. कोणी नव्याने ओळख झालेल्याने "आणि तुम्ही काय करता?" असं विचारलं की ताई म्हणायच्या, "हे जागत्या माणसांना झोपवतात. मी झोपलेल्या गाड्या उठवते." डॉक्टर हे वाक्य शेकडो वेळा ऐकूनही दर वेळी हसत.

गाड्या उठवणं म्हणजे स्टार्टर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी ती मोटर. ताई निकामी झालेले स्टार्टर घेत, पूर्ण उकलत, झिजलेले भाग बदलत, बाकीचे धुऊन पुसून परत जोडत, आणि नव्यासारखी हमी देऊन नव्याच्या साधारण निम्म्या किमतीत विकत. मी हिशेबाचा माणूस. एका लहान फर्ममध्ये नोकरी करायचो आणि शनिवारी सकाळी ताईंच्या वर्कशॉपचे हिशेब बघायचो, म्हणून मला त्या जवळून दिसल्या. आकडे मात्र मी इथे देणार नाही. ते कागद आता माझ्याकडे नाहीत आणि आठवणीतल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. वडिलांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं शेड होतं. मुलगी म्हणून तिकडे फिरकू नकोस असं त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी उपयोग झाला नसता. लग्न होऊन त्या इकडे आल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका जानेवारीत डॉक्टरांची गाडी सुरू होईना. गॅरेजवाल्याने नवा स्टार्टर सांगितला. ताईंनी जुना परत मागून घेतला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला, आतले वीज पोचवणारे झिजलेले कार्बन-ब्रश बदलले आणि त्याच गाडीतून डॉक्टरांना ड्युटीवर पाठवलं.

"हॉस्पिटलात पोचल्यावर मी गाडी उतारावर लावली," डॉक्टर सांगायचे. "अविश्वास म्हणून नव्हे हं. भूल देणारा माणूस नेहमी दुसरी सोय करून ठेवतो."

टेबलावरून काम गॅरेजात गेलं आणि गॅरेजातून कालव्याकाठच्या एका जुन्या लेसच्या गिरणीच्या तळमजल्यावर. त्या वर्षांत गावातले कारखाने एकामागून एक बंद होत होते, त्यामुळे जागा स्वस्त होती आणि चांगले कारागीर घरी बसून होते. त्यातला पहिला ट्रेव्हर. हा उंच, सावकाश बोलणारा फिटर तिथल्या रीतीप्रमाणे बाई असो की बाप्या, सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणायचा. ताई त्याला 'ट्रेव्हरराव' म्हणत. त्याला तो आपला किताब वाटायचा. घरी बायकोनेही तसंच म्हणावं असा त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला, पण जमलं नाही.

भंगार हा शब्द ताईंच्या वर्कशॉपमध्ये चालत नसे. तेलाने काळाठिक्कर पडलेला एखादा स्टार्टर कोणी काउंटरवर आदळला की त्या म्हणत, "मेलेला नाही ओ, दमलाय." मग आणणाऱ्याची उलटतपासणी. कुठल्या गाडीत होता? थंडीत कसा वागायचा? आवाज आधी बदलला की एकदम बंद पडला? एक टॅक्सीवाला वैतागून म्हणाला होता, "मॅडम, माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरने इतकं विचारलं नव्हतं." ताई म्हणाल्या, "त्याला तुमची आई परत विकायची नव्हती. मला हा विकायचाय."

या धंद्याची गंमत म्हणजे कच्चा माल बाजारात मिळत नाही. तो गिऱ्हाइकाच्या गाडीत असतो. म्हणून स्टार्टर विकताना किमतीवर थोडी अनामत घ्यायची, आणि गिऱ्हाईक जुना आणून देईल तेव्हा ती परत करायची. जुना आला नाही तर पैसे आपल्याकडे राहतात, पण उद्या जोडायला काही उरत नाही. नवा माल बनवणाऱ्याला पुढच्या महिन्यात किती लोखंड येणार ते माहीत असतं. आम्ही लोकांच्या गाड्या बंद पडायची वाट बघायचो. एका वर्षी हिवाळा फारच सौम्य गेला. संक्रांतीला मंडळात जो तो म्हणत होता, यंदा काय सुंदर हवा आहे! ताई तिळगूळ हातात धरून माझ्या शेजारी बसल्या होत्या. "हिशेबनीस," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या सगळ्यांना गोड बोला म्हणून सांगायचं, आन् मी मनात म्हणतीय, जरा बर्फ पडू दे की रं देवा!"

त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट मात्र कोणालाच आवडत नव्हती, ती म्हणजे 'ट्राइक'ची टाकी. स्टार्टरवरचं वर्षानुवर्षांचं तेल आणि वंगण घालवायला त्या काळी सगळेच हे रसायन वापरत. टाकीत भाग बुडवला की दोन मिनिटांत लख्ख. वास गोडसर, डोकं जड करणारा. ट्रेव्हर दुपारनंतर निष्कारण हसायला लागायचा. एका संध्याकाळी डॉक्टर ताईंना न्यायला आले, टाकीपाशी थांबले, एकदा हुंगलं आणि म्हणाले, "शालन, हे तर माझ्या धंद्यातलं. पूर्वी आम्ही यानंच पेशंट झोपवायचो. तू ट्रेव्हररावांना रोज फुकट भूल देतेयस."

ताई त्या दिवशी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात जाऊन बघितलं. टाकीतला गाळ जिथे पिंपात भरत, त्या जागेपासून कालव्यापर्यंत गवताचं एक पातंही नव्हतं. शनिवारी मी गेलो तर म्हणाल्या, "ही टाकी काढायची."

मी म्हटलं, "ताई, कायद्याने अजून बंदी नाही. गरम पाण्याने धुणारं मशीन महाग आहे. व्याजाचे दर बघताय ना?"

"बघतीय की. गवत बी बघितलं. आपण काय म्हणतो लोकांना? टाकू नका, आमच्याकडं आणा. आन् आपण मागल्या दारानं काय टाकतोय?"

काही महिन्यांपूर्वी कौन्सिलचा एक तरुण अधिकारी येऊन आमच्या कामाला पर्यावरणपूरक उद्योग वगैरे म्हणून गेला होता. तेव्हा ताई त्याला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे याला काटकसर म्हणतात. तुम्ही नाव चांगलं दिलंत." तेच कौतुक आता त्यांना टोचत असावं.

बँकेत मी बरोबर होतो. मॅनेजर शिष्ट पण सभ्य होता. त्याने विचारलं, "मिसेस माने, तुमचा सगळा धंदा लोक जुनं परत आणतील या आशेवर चालतो. त्यांनी परत आणलं नाही तर?"

"तुम्ही दिलेलं कर्ज लोकांनी परत आणलं नाही तर?" ताईंनी विचारलं.

"म्हणून तर आम्ही घर तारण घेतो."

"मग मी अनामत घेते ते काय वेगळं करते? तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा माझी बरी, मी कोणाचं घर मागत नाही."

मॅनेजर हसला. कर्ज दिलं. घर मात्र तारण घेतलंच. त्या कागदावर डॉक्टरांनीही सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "आता खरंच उतारावर राहायला जावं लागेल."

मशीन आलं. लोखंडी भाग गरम पाण्याने आणि साबणाने उत्तम निघायला लागले. अडलं ते पितळी आणि तांब्याच्या भागांपाशी. टोकाचे स्क्रू, वीज जिथून आत जाते त्या पट्ट्या काळ्याच राहत. त्यांना चमकवायची जी रसायनं बाजारात होती ती पुन्हा विषारीच. ताई दोन दिवस विचारात होत्या आणि तिसऱ्या दिवशी लेस्टरच्या किराणा दुकानातून चिंचेच्या लाद्या घेऊन आल्या.

देवघरातलं तांब्या-पळीपात्र आपण चिंच आणि मीठ लावून घासतो, त्यात नवल नाही. पण लेसच्या गिरणीत एका प्लास्टिकच्या टबात चिंच कोळत बसलेला साडेसहा फुटी ट्रेव्हर मी डोळ्यांनी पाहिला आहे. पितळ सोन्यासारखं निघालं. वर्कशॉपला भेळेच्या गाडीचा वास यायला लागला. ट्रेव्हर सांगायचा, "डक, माझी बायको विचारते, तू नक्की कामालाच जातोस ना?" पण त्याचं डोकं दुखायचं थांबलं होतं. दुपारी तो पुन्हा पूर्वीसारखा गंभीर राहू लागला.

त्याच सुमारास मोठं काम आलं. शहराबाहेरच्या एका बस कंपनीचे मुख्य इंजिनिअर हॅलिवेल वर्कशॉप बघायला आले. कमी बोलणारा, मिशीआडून बघणारा माणूस. चमकणाऱ्या पट्ट्या त्यांनी बराच वेळ उजेडात धरल्या आणि म्हणाले, "नव्यावर पण असं बघितलं नाही." थंडीच्या आधी त्यांच्या सगळ्या बसेसना आमचे स्टार्टर बसवायचं ठरलं. वर्षभराची हमी. बँकेचे हप्ते या एका कामावर फिटणार होते. मी आग्रह धरून हमीपोटी थोडा राखीव पैसा बाजूला काढायला लावला. ताईंनी तोंड वाकडं केलं, पण काढला.

नोव्हेंबर उजाडला, धुकं आणि ओल घेऊन. एका शनिवारी मी गेलो तेव्हा ट्रेव्हर काउंटरपाशी उभा होता. बस कंपनीकडून एक स्टार्टर परत आला होता. बंद पडला नव्हता, नुसता कुरकुरत होता. ट्रेव्हरने तो उकलला होता आणि आतली पट्टी ताईंसमोर धरली होती. सोन्यासारख्या पितळावर हिरवी बुरशी चढावी तसा थर.

ताईंनी मान तिरकी केली नाही की काही नाही. नखाने थर खरवडला, जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला.

"मीठ," त्या म्हणाल्या.

देवघरातली भांडी आपण घासतो, धुतो, पुसतो आणि दुसऱ्या दिवशी परत घासतो. मीठ कुठे अडकून बसलं तरी चालून जातं. स्टार्टरच्या सांध्यात अडकलेलं मीठ मात्र तिथेच राहतं, ओल ओढतं आणि पितळ खातं. शेल्फवरचे चार उकलून बघितले, चारही आतून हिरवे. म्हणजे बस कंपनीला दिलेले सगळेच आज ना उद्या जाणार होते, आणि कडक थंडी पडली की एकदम.

मी कागद घेतला. हे माझं कामच होतं. दोन मार्ग दिसत होते. एक, गप्प राहायचं आणि जसजसा एकेक बंद पडेल तसतसा हमीत बदलून द्यायचा. खर्च वर्षभरात विभागला जाईल, राखीव पैसा पुरेल, हप्ते चुकणार नाहीत. दुसरा, आजच सगळे परत घ्यायचे. त्यात राखीव पैसा संपेल, नवे भाग घ्यावे लागतील, काम हातचं जाईल ते वेगळंच, आणि मग घर. मी दोन्ही बाजू मांडून कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो नीट वाचला. "बेरीज बरोबर हाय," म्हणाल्या. "पण सकाळी साडेसहाला, बर्फात, स्टॉपवर उभी असलेली नर्स ह्यात कुठं धरलीया?"

"तिचा खर्च आपल्याला येत नाही, ताई."

"तेच म्हणते मी. तिलाच येतोय."

त्यांनी घरी फोन लावला. डॉक्टरांचं पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ताई फोन ठेवताना हसत होत्या. "म्हणतात, पेशंटला त्रास व्हायच्या आधी सांगितलेलं बरं. नंतर सांगितलं की त्याला वकील लागतो."

मग हॅलिवेलना फोन. शनिवार असून ते डेपोतच होते. ताई सरळ म्हणाल्या, "मिस्टर हॅलिवेल, तुमच्या सगळ्या बसेसचे स्टार्टर आज चांगले आहेत. जानेवारीत नसतील. चूक माझी आहे. मी त्यांना मीठ लावलं."

पलीकडून हॅलिवेलचा जाड आवाज आला, रिसीव्हरबाहेर आम्हालाही ऐकू येईल इतका. "मीठ? म्हणजे चिप्सवर घालतात तसं?"

"तसंच. फक्त व्हिनेगरच्या जागी चिंच."

"मिसेस माने, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एकाही पुरवठादाराने काही बिघडायच्या आधी फोन केलेला नाही. रविवारी माझ्या निम्म्या बसेस उभ्या असतात. तुम्ही किती रविवारांत आटपाल?"

"दोन," ताई म्हणाल्या. ट्रेव्हरने डोळे मिटून घेतले.

सोड्याच्या पाण्याने उरलेलं आंबट मारायचं, गरम पाण्याने सांध्यासांध्यातून मीठ धुवून काढायचं आणि मुख्य म्हणजे पूर्ण कोरडं करायचं, एवढंच काम होतं. तसं केलं तर नवे भाग फारसे लागणार नव्हते. पण वाळवायला वर्कशॉपमध्ये एकच छोटी भट्टी. त्या वेगाने मार्च उजाडला असता. ताईंनी शनिवारी दुपारीच आपली मुलगी मेघना हिला मंडळाची यादी देऊन फोनवर बसवलं. मेघना इथेच जन्मलेली, पंधरा वर्षांची. तिचं बोलणं मला पाठ झालं. "आँटी, तुमचा ओव्हन उद्या फ्री आहे का? नाही, केक नाही करायची. आईचे स्टार्टर बेक करायची आहे. हो, सीरियसली. नाही आँटी, वास नाही येत, क्लीन आहेत."

त्या रविवारी नॉटिंगहॅममधल्या मराठी घरांतून जे चाललं होतं ते पुन्हा कधी होणार नाही. डेपोत ट्रेव्हर आणि त्याची माणसं स्टार्टर काढत होती, वर्कशॉपमध्ये ताई उकलून धूत होत्या, आणि डॉक्टर माने व त्यांचे दोन सहकारी आपापल्या गाड्यांतून ट्रेमध्ये मांडलेले पितळी भाग घरोघर पोचवत होते. एक हृदयरोगतज्ज्ञ, ज्यांची वेळ मिळायला लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागे, ते आमच्या दारात ट्रे घेऊन उभे राहून म्हणाले, "मंद आचेवर दोन तास. उलटायची गरज नाही, असा निरोप आहे." माझी बायको नानकटाईचं पीठ मळून बसली होती. तिने ते गुपचूप फ्रिजमध्ये ठेवलं आणि वरच्या जाळीवर स्क्रू, खालच्या जाळीवर पट्ट्या लावल्या. दुपारी ताईंचा फोन. "झालं का वं, वहिनी?" बायको म्हणाली, "छान खुसखुशीत झालेत!" पलीकडून इतक्या मोठ्याने हसू आलं, की मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं.

माझ्या कागदात त्या ओव्हनना रकाना नव्हता. तसा तो कोणत्याच कागदात नसतो, आणि मी पुढेही तो धरणार नाही, कारण जोखीम मोजताना मिळेलच अशी खात्री नसलेली मदत धरू नये असं मला शिकवलं आहे. एवढं मात्र लिहितो की राखीव पैसा पुरला आणि थोडा उरला.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळच्या आत शेवटचा स्टार्टर बसला. जानेवारीत नेहमीपेक्षा कडक थंडी पडली. ताईंनी इतकी वर्षं मागितलेला बर्फ नेमका त्या वर्षी भरभरून आला, आणि हॅलिवेलच्या बसेस वेळेवर निघत राहिल्या. काम आमच्याकडेच राहिलं. हॅलिवेलनी पुढच्या करारात एक अट मात्र स्वतःच्या हाताने लिहून घातली, 'मीठ नाही.' ताईंनी चिंचेतलं आंबट ठेवलं, म्हणजे सायट्रिक अॅसिडची पूड, आणि शेवटी दोनदा धुणं. वास गेला याचं दुःख फक्त ट्रेव्हरला झालं.

त्या वसंतात मला लंडनमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही स्टॅनमोरला जायचं ठरवलं. माझा शेवटचा शनिवार आणि ट्राइकची टाकी जायचा दिवस योगायोगाने एकच निघाला. इतके दिवस ती रिकामी करून कोपऱ्यात झाकून ठेवली होती, कारण तिची रीतसर विल्हेवाट लावणारा माणूस ताईंना पटत नव्हता. दोघांना त्यांनी परत पाठवलं होतं. तिसऱ्याची लॉरी आली. टाकी आणि गाळाची पिंपं चढवली गेली, साखळ्या आवळल्या गेल्या, ड्रायव्हरने कागद पुढे केला. ताईंनी तो वाचला, सही केली, आणि परत न देता विचारलं, "हे नेमकं कुठं नेता?"

"मिडलँड्समध्येच, मॅडम. खास भट्टी असते. सगळं कागदावर आहे."

"कागदावर हाय ते दिसलं," त्या माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, आणि मग इंग्रजीत ड्रायव्हरला, "पुढे जागा आहे ना?"

"डक, दिवस जाईल तुमचा," ट्रेव्हर म्हणाला.

"जाऊ दे. मी आजपर्यंत काही फेकलेलं नाही, ट्रेव्हरराव. पहिल्यांदा फेकतेय, तर बघून तरी येते."

डॉक्टरांनी खांदे उडवले, गाडीतून ताईंचा कोट आणि जेवणाचा डबा आणून दिला. डबा आधीच भरून ठेवलेला होता, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी निरोपाचं काहीतरी बोलायला पुढे झालो, तर ताई पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, "हिशेबनीस, स्टॅनमोरच्या घरातलं काही बंद पडलं तर फेकू नका. पोस्टानं पाठवा." आणि पदर खोचून वर चढल्या.

लॉरी फाटकातून बाहेर पडली. खिडकीतून त्यांचं कोपर बाहेर आलेलं दिसत होतं, आणि वळणावर ड्रायव्हर त्यांना दोन्ही हातांनी काहीतरी समजावून सांगायला लागला तेव्हा त्या ओरडल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "अहो, स्टीअरिंग धरा आधी!"